काचेपासून बोटभर आत

सगळ्यात आधी नाव घ्यायचं ते रायरांचं. हे त्यांचं खरं नाव नव्हे. कुंभकोणमात जुन्या मराठी घरातल्या माणसाला गाव रायर म्हणतं, तसं त्यांनाही म्हणत, आणि मी त्यांना दुसऱ्या नावानं कधी हाक मारली नाही. आज माझ्या हातात जे काही कसब आहे ते त्यांनी दिलेलं. हे आधीच लिहून ठेवतो, कारण पुढं मी काय केलं ते वाचल्यावर कुणालाही वाटेल की या माणसानं पहिल्यांदा माफी मागायला हवी. माफी मागून झाली आहे. त्यांनी ती ऐकून घेतली नाही, एवढंच.

रायर जुन्या व्हिडिओ गेमच्या मॉनिटरवरचं चित्र मापात बसवत. हे काम ऐकायला जेवढं लहान वाटतं तेवढंच लहान आहे. गावाकडं माझ्या बायकोला फोनवर सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "म्हंजे लाईटीचं चित्र बारीक-मोठं करायचं? त्याला माणूस लागतो व्हय?" लागतो. सगळ्या मशीनला लागत नाही, पण रायरांकडं यायची त्यांना लागतो.

आमच्या सांगली जिल्ह्याच्या दुष्काळी भागातली माणसं गलाईच्या कामाला सगळ्या मुलखात पांगलेली आहेत. गलाई म्हणजे सोन्याचांदीतली भेसळ आगीवर आणि तेजाबात वेगळी काढायची. मी आठवीत शाळा सोडली आणि मामेभावाच्या मागं या धंद्यात आलो. पंधरा-सोळा वर्षं मुशीसमोर काढली, त्यातली शेवटची चार कुंभकोणमला. मग तेजाबाचा धूर छातीत बसला. डॉक्टर म्हणाला, धुरात जाऊ नको. मालक गावाकडचाच होता, त्यानं दुकान आवरलं आणि म्हणाला, चल परत. मला परत जायचं नव्हतं. तिकडं जाऊन काय करतो म्हणून सांगणार? तिसाव्या वर्षी, गलाई सोडून एकही काम न येणारा माणूस.

तसाच एकदा सकाळी महामहम तळ्याच्या मागच्या गल्लीतून चाललो होतो. एका दारातून आवाज आला, "उगा राहा. उगा राहा म्हणतों ना. कशास थरथरतोस?"

मराठी. कसली तरी जुनी, पोथीतून उठून आल्यासारखी, पण मराठी. मला वाटलं कुणी पोराला दटावतंय. आत डोकावलो तर पोरबीर कुणी नाही. उघड्याबंब लाकडी कपाटासमोर एक वाळका म्हातारा बसलेला, कपाटात एक काच, काचेवर पांढऱ्या रेघांचं त्रिकोणी विमान, आणि ते थंडी वाजल्यासारखं थरथरत होतं. म्हातारा त्याला समजावत होता.

मी म्हणालो, "तुम्ही मराठी?"

त्यांनी मला खालीवर बघितलं आणि विचारलं, "जेवलास कीं?"

मी हो म्हणालो. ते खोटं होतं. "सरि," म्हणजे बरं, ते म्हणाले, "मग आणखी एकदां जेव. उपाशी माणूस माझ्या यंत्राजवळ उभा राहात नाही." आणि जिन्याकडं तोंड करून ओरडले, "अक्का, एक पान."

यंत्रांशी मराठी का बोलता, असं मी पुढं केव्हातरी विचारलं. त्यांनी मलाच उलट विचारलं, "यंत्र घरचें. घरच्याशीं तमिळ कशास?" बायको वारली होती, मुलगी परदेशी जाऊन मराठी विसरलेली, तिची मुलं इंग्रजी बोलायची. घरची भाषा बोलायला वरच्या मजल्यावर थोरली बहीण, म्हणजे अक्का, होती, पण ती फार बोलू देत नसे. मग उरली यंत्रं.

रायरांचं दुकान म्हणजे त्यांच्याच घराची पुढची खोली. आयुष्यभर त्यांनी एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत ऑसिलोस्कोप दुरुस्त केले. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, हे विजेची लाट काचेवर रेघ करून दाखवणारं यंत्र असतं. त्याच कॉलेजात शिकलेला एक जण पुढं बेंगळुरूला मोठा झाला आणि त्याला हौस आली जुन्या गेमची. परदेशातून कंटेनर भरून कपाटं मागवली. ती चालेनात. तिथले मेकॅनिक टीव्हीवर शिकलेले. त्यांनी मॉनिटरचा खिळान्खिळा उपसला, पण चित्र लहानमोठं करायचा कंट्रोल सापडेना. शेवटी त्याला कॉलेजातले रायर आठवले आणि लॉरीतून कपाटं कुंभकोणमला यायला लागली. रायरांनी पहिलं कपाट उघडलं आणि म्हणाले, "हा तर स्कोप. खेळाचे कपडे घालून आला आहे."

कंट्रोल मॉनिटरमध्ये नव्हताच. तो खाली गेमच्या बोर्डावर होता. नखाएवढे चार प्रीसेट, बारीक स्क्रू-ड्रायव्हरनं फिरवायचे. दोन चित्र मध्यावर आणायला, दोन आडवं-उभं माप बदलायला. टीव्हीवाला तो टीव्हीत शोधतो आणि म्हातारा होतो.

हे मला कळायला महिना लागला. ग्राफ शिकवायच्या आधीच मी शाळा सोडलेली. आडवा अक्ष, उभा अक्ष म्हटलं की तळहाताला घाम यायचा. रायर मला बोर्डाजवळून उठवून पहाटे दारात घेऊन गेले. अक्का कोलम घालत होत्या. आपली रांगोळी तशी ती, पण आधी ठिपके आणि मग ठिपक्यांभोवती न तुटणारी रेघ. सत्तरी उलटलेली बाई, पण कमरेत वाकली की चिमटीतून पीठ सुतासारखं पडायचं.

"पाहा," रायर म्हणाले. "टीव्ही म्हणजे रंगारी. भिंत वरून खालपर्यंत सगळी रंगवतो, लागो न लागो. हे यंत्र म्हणजे अक्का. जेथें रेघ हवी तेथेंच हात जातो. आडवे किती ठिपके, उभे किती ठिपके, एवढेंच ठाउके असावें लागतें."

अक्का मान वर न करता म्हणाल्या, "आणि दार केवढें तेंही. तें कोण सांगेल?"

दारापेक्षा कोलम मोठा झाला तर पायाखाली जातो. म्हणून अक्का आधी दोन पावलं मागं सरून उंबरा डोळ्यांत भरून घ्यायच्या, मधला ठिपका टाकायच्या, आणि मग बाकीचे. आधी मध्य, मग माप. रायरांचं सगळं शास्त्र एवढंच होतं आणि ते त्यांनी बहिणीकडून उचललं होतं. त्या हे जेवताना रोज ऐकवायच्या.

चित्र किती मोठं करायचं याचाही रायरांचा एक नियम होता. काचेच्या कडेपासून बोटभर आत. चारी बाजूंनी. त्यापुढं नाही. चाचणीची चौकट काचेवर आणायची, कडेला आडवं बोट लावायचं, बोट आणि रेघ शेजारी शेजारी बसली की म्हणायचं, "पोदुम्." म्हणजे पुरे. मग मधल्या वर्तुळावर कॉफीचा डवरा उपडा टेकवायचा. डवरा म्हणजे पेला ज्यात ठेवून देतात ती खोलगट वाटी. वर्तुळ सगळीकडनं सारखं डोकावलं तर आडवं-उभं जमलं. मीटर होते, पट्ट्या होत्या, पण शेवटचा निकाल डवऱ्याचा. कधीकधी त्यात कॉफी असायची हे विसरून ते तो उपडा करत.

जेवताना केळीच्या पानावरही त्यांचं हेच चालायचं. भात, वरण, भाजी सगळं मध्यावर, कडेला बोटभर हिरवं पान रिकामं. अक्कांनी कडेपर्यंत वाढलं तर ते बोटानं आत सारत. "कडेवरचें अन्न जमिनीचें," म्हणत.

ही नुसती लहर नव्हती. मापाबाहेर ओढलं की चित्र हलवणाऱ्या ट्रान्झिस्टरांवर भार येतो. ते तापतात, आणि एक दिवस जातात. पण तंत्राचं कारण ते नंतर सांगत. आधी पान दाखवत.

आणखी एक खोड सांगायला हवी, कारण पुढं तिचं काम आहे. पिक्चर ट्यूबला हजारो व्होल्ट लागतात. तिथं दोन्ही हात घातले तर करंट एका हातातून शिरून छातीतून दुसऱ्या हातात जातो. म्हणून जाणते लोक एक हात खिशात ठेवून काम करतात. वेष्टीला, म्हणजे तिकडच्या लुंगीसारख्या धोतराला, खिसा नसतो. रायर डावा हात पाठीमागं नेऊन कमरेच्या घडीत खोचत. चाळीस वर्षं तसं केल्यामुळं तो हात रस्त्यानं चालतानाही तिथंच असायचा. बाजारातल्या निम्म्या लोकांना वाटे की रायरांचा डावा हात अधू आहे. भाजीवाली बाई पिशवी त्यांच्या उजव्या खांद्याला अडकवून द्यायची आणि ते मुकाट्यानं अडकवून घ्यायचे. मी म्हणालो, सांगा की तिला. तर म्हणाले, "इतकी वर्षें सांभाळते आहे. आतां सांगून तिला लाजवूं?"

मला त्यांनी पहिल्या दिवशी हेच शिकवलं. लुंगीत हात खोचायला.

खेळ ते कधीच खेळले नाहीत. स्टार्टचं बटण दाबायचं झालं की वर हाक जायची. अक्का पदर खोचून खाली येत आणि दगड फोडायच्या खेळात विमान असं फिरवत की मी बघतच राहायचो. एकदा बेंगळुरूहून कपाटांचा मालक आला होता, त्यानं हौसेनं खेळून दाखवलं. अक्का मागं उभ्या होत्या. त्याचं विमान फुटलं तेव्हा म्हणाल्या, "यंत्र बरें जाहलें आहे. माणूस दुरुस्त करावा लागेल." मालकाला मराठी येत नव्हती. तो हसला आणि थँक्यू म्हणाला.

माझ्या मराठीवरही त्या हसायच्या. मी "न्हाई" म्हटलं की, "ही कोण भाषा? बैलाला हाकतोस कीं बोलतोस?" आणि त्या "जाहलें" म्हणाल्या की मला आमच्या देवळातला कीर्तनकार आठवायचा. दोघांनाही दुसऱ्याचंच बोलणं खोटं वाटायचं. पण वर्षभरात माझ्या तोंडी "ठाउके" आलं आणि रायर एकदा यंत्राला "व्हय व्हय" म्हणताना सापडले.

आता लाल दोरा. ज्या यंत्राचं काम अर्धं आहे, ज्यात अजून काही धोक्याचं आहे, त्याच्या स्विचला रायर लाल रेशमी दोरा बांधत. दारासुरमला माझ्या सायकलीवरून जाऊन विणकरांकडून मागाच्या कडेचा उरलासुरला दोरा आणायचा, हे माझं काम. दोरा बांधलेलं यंत्र रायरांशिवाय कुणी चालू करायचं नाही. दुकानात लिहिलेला नियम एकही नव्हता. हा एकच बांधलेला होता.

त्या आठवड्यात एक मोठं कपाट आलं होतं. त्यात कुणीतरी भलत्याच जातीचा मॉनिटर बसवलेला, त्यामुळं चित्र काचेबाहेर सांडत होतं. प्रीसेट अगदी कमीवर आणला तरी मावेना. रायरांनी दोन दिवस डोकं घालून एक रेझिस्टर जास्तीचा जोडला आणि चित्र बोटभर आत आणलं. एक काम राहिलं होतं. अशा मॉनिटरमध्ये एक रखवालदार असतो. चित्राची हालचाल थांबली तर तो किरण आपोआप विझवतो, नाहीतर किरण एकाच जागी उभा राहून काचेच्या आतला लेप जाळतो. या मॉनिटरमधला रखवालदार मेलेला होता. त्याचा सुटा भाग चेन्नईहून यायचा होता. म्हणून लाल दोरा. मालक शुक्रवारी कपाट न्यायला येणार होता.

सोमवारी दुपारी रायर जेवून आडवे झाले होते, तेव्हा मालकाचा फोन माझ्या मोबाईलवर आला. त्यानं परदेशातल्या कुणाच्या तरी मशीनचा फोटो पाठवला होता. चित्र काचेच्या कडेला टेकलेलं. हिंदीत म्हणाला, "सार जुने आहेत, लहान ठेवतात. तू जरा वाढव. त्यांना कळणारही नाही." आणि मग म्हणाला, "माझ्याकडं बेंगळुरूला ये. पक्की नोकरी. असा माणूस मला हवाच आहे."

पक्की नोकरी हा शब्द मला आजवर कुणी म्हटला नव्हता. मला भीती एकच असायची, रात्रंदिवस. रायर म्हातारे आहेत, उद्या दुकान बंद झालं तर मी पुन्हा रस्त्यावर आणि मग गावाकडच्या एसटीत. त्या भीतीनं दोरा सोडला. दुसरं काही कारण सांगता येत नाही.

डावा हात कमरेला खोचला. यंत्र चालू केलं. दुपारचं ऊन दारातून आत येत होतं, कडेच्या रेघा दिसेनात, म्हणून उजेड वाढवला. मग आडवं माप. थोडं. आणखी थोडं. चौकट काचेला टेकली, फोटोतल्यासारखी. मला बरं वाटलं. तेवढ्यात आतून टक् असं वाजलं आणि सगळं चित्र आक्रसून मधोमध एक उभी रेघ झालं. लखलखीत पांढरी.

त्याच क्षणी स्विच बंद करायला हवा होता. शाळेतल्या पोरालाही कळेल. पण माझा हात हलला नाही, आणि का हलला नाही ते मला पुढं कितीतरी दिवसांनी समजलं. गलाईत मुशीतला धातू एकदम उसळला, लखलखला, तर घाबरून आग बंद करायची नसते. रंग बसेपर्यंत नजर हलवायची नाही. पंधरा वर्षं मला हेच शिकवलेलं. मी त्या रेघेकडं बघत उभा राहिलो, रंग बसायची वाट बघत. पाच-सहा श्वास. मग ती पांढऱ्याची पिवळी व्हायला लागली तेव्हा भान आलं.

बंद केल्यावरही रेघ काचेवर होती. तपकिरी, वरून खालपर्यंत, चुलीवरच्या दुधाच्या डागासारखी. पुसून जाणारी नव्हती.

रायर उठून आले तेव्हा मी स्टुलावर बसलो होतो. दोरा टेबलावर पडलेला. त्यांनी दोरा बघितला, काच बघितली, वास घेतला. ट्रान्झिस्टर जळल्याचा वास बराच वेळ राहतो. मी काय काय बोललो ते आठवत नाही. मालकाचा फोन, फोटो, नोकरी, सगळं सांगितलं, आणि त्यात रडलो असेन.

त्यांनी विचारलं, "डावा हात कोठें होता?"

"कमरेला."

"खरें?"

"खरंच."

"मग पोदुम्," ते म्हणाले.

टेबलावरचा दोरा उचलून त्यांनी परत स्विचला बांधला. गाठ मारायला त्यांना वेळ लागला. दुसऱ्या दिवशी मी ती गाठ बघितली, तर तीन वेळा मारलेली होती.

संध्याकाळी मी पिशवी भरली. कुणी जा म्हटलं नव्हतं, पण म्हणायची वाट कशाला बघायची? जिन्याखाली अक्का डाळ-तांदूळ वाटायला बसल्या होत्या. म्हणाल्या, "कोठें?"

"गावाकडं."

"पीठ तिघांच्या मापाचें वाटलें आहे. आंबलें कीं तिसऱ्याच्या इडल्या कोण खाईल? हा? हा तर दोनावर पोदुम् म्हणतो." मी पिशवी खांद्याला लावली. त्या म्हणाल्या, "पिशवी ठेव आणि नारळ फोड." मी नारळ फोडला.

ट्रान्झिस्टर दुकानात होते. ट्यूब नव्हती. तसली ट्यूब आता कुठंच बनत नाही. मंगळवारी सकाळी रायर आंघोळ करून खाली आले, स्क्रू-ड्रायव्हर घेतला आणि माजघरात गेले. तिथं त्यांच्या बायकोचा टीव्ही होता. लाकडी कपाटाचा, काळा-पांढरा, वीस इंची. तिनं स्वतः भरतकाम केलेला पडदा त्यावर होता. ती गेल्यापासून तो कुणी लावला नव्हता, पण दर शुक्रवारी रायर पडदा काढून काच पुसत आणि पडदा परत घालत. मी हे दोन वर्षं बघत होतो.

त्यांनी पडदा काढून घडी घातली आणि मागचा पत्रा खोलायला लागले.

अक्का दारात आल्या. "तें तिचें."

"तिचें होतें. ती पाहून गेली," रायर म्हणाले. "आतां काच मोकळी आहे."

"मुलगी विचारील."

"तिला तरी मराठीत कोठें विचारतां येतें?"

अक्का मागं वळल्या. थोड्या वेळानं कॉफी घेऊन आल्या. भरलेले दोनच डवरे होते, माझा आणि त्यांचा स्वतःचा. रायरांना रिकामा डवरा दिला, वर्तुळ बघायला.

ट्यूबची मान जुळली. मूळच्या ट्यूबवरचं तांब्याच्या तारेचं वेटोळं काढून या ट्यूबच्या मानेवर चढवलं. दोन दिवस त्यात गेले. चेन्नईचा सुटा भाग आला, तो बसला. गुरुवारी सकाळी रायरांनी स्विचचा दोरा सोडला आणि स्क्रू-ड्रायव्हर माझ्या हातात दिला.

"काच बदलली, माप बदललें. लाव."

मी म्हणालो, "तुम्ही लावा."

कपाटाच्या मागून काम करताना पुढची काच दिसावी म्हणून समोर एक आरसा ठेवलेला असतो. रायर त्या आरशातून सगळं बघत. त्यांनी तो उचलला आणि टेबलावर पालथा घातला. मग भिंतीकडं तोंड करून बसले.

"मी पाहात नाहीं," ते म्हणाले. "तूं सांग, कोठें आहे."

स्क्रू-ड्रायव्हर प्रीसेटच्या खाचेत तिसऱ्या वेळी बसला. आधी मध्य. चौकट मध्यावर आणली. मग आडवं. ते वाढवलं की मध्य सरकायचा, परत मध्य. मग उभं. एकाला हात लावला की दुसरं रुसतं. मी मोठ्यानं सांगत होतो, डावीकडं आलंय, खाली गेलंय, आणि रायर भिंतीला "हूं" म्हणत होते. अर्धा तास गेला असेल. शेवटी मी पुढं येऊन काचेला आडवं बोट लावलं. वर, खाली, दोन्ही बाजूंना. मग डवरा टेकवला. वर्तुळ चारीकडनं सारखं डोकावलं.

तो शब्द मी तोवर कधी म्हटला नव्हता. तो त्यांचा होता. म्हणालो, "पोदुम्."

रायर उठले. मला वाटलं येऊन बघतील. पण त्यांनी काचेकडं नजरही टाकली नाही. जिन्याकडं तोंड करून ओरडले, "अक्का, ये. खेळ."

शुक्रवारी मालक आला. रायरांनी त्याला दारातच तमिळमध्ये सांगितलं की जुनी ट्यूब जळली, दुसरी घातली आहे. त्यानं विचारलं, कुणी जाळली? रायर म्हणाले, "दुकान माझं आहे." तेवढं तमिळ मला कळत होतं. मालकानं माझ्याकडं बघितलं. मी बोलणार होतो, तर रायरांनी मागच्या हातानं, म्हणजे कमरेला खोचलेल्या डाव्या हातानंच, गप्प बस अशी खूण केली.

मग मालक यंत्रासमोर बसला आणि म्हणाला, "सार, कडेला जागा राहिली आहे. थोडं मोठं होईल ना?"

रायर उत्तर द्यायला सावकाश असत. पण या वेळी ते उत्तर देणारच नव्हते. ते माझ्याकडं बघत होते.

मी हिंदीत म्हणालो, "नाही सर. एवढंच राहील."

"आणि बेंगळुरू?" त्यानं हळूच विचारलं.

"तिथंही एवढंच राहील," मी म्हणालो.

पुढं सव्वा वर्षानं मी बेंगळुरूला आलो तो रायरांनीच पाठवला म्हणून. त्यांना बारीक रेघ दिसेनाशी झाली होती. चौकट दिसायची, पण बोट कुठं संपतं आणि रेघ कुठं सुरू होते ते कळेना. म्हणाले, "येथें आतां यंत्रें धाडूं नयेत. तूं तेथें जा. यंत्रांशीं बोलत जा, सवय आहे त्यांस." आता मालकाच्या शेडमध्ये मी आहे, अकरा कपाटं आहेत, आणि सगळ्यांचं चित्र काचेपासून बोटभर आत आहे. मालकानं बोलायचं सोडून दिलं आहे. बाहेरून बघायला येणारे विचारतात, ही जागा का? मी सांगतो, यंत्र जास्त जगतं. केळीच्या पानाचं सांगत बसत नाही.

रविवारी फोन करतो. पहिला प्रश्न अजून तोच, "जेवलास कीं?" आता मी खरं सांगतो.

त्यांच्या माजघरात तो टीव्ही अजून आहे. म्हणजे त्याचं लाकडी कपाट. पुढं काच नाही, भोक आहे. अक्कांनी त्यात कोलमच्या पिठाचे डबे ठेवलेत, आणि त्यावर तो भरतकामाचा पडदा. शुक्रवारी रायर पडदा काढतात, काच पुसायला हात पुढं करतात आणि मग आठवतं. हे अक्कांनी मला फोनवर सांगितलं. हसत सांगितलं, पण सांगितलं.

मी सुट्टीच्या दिवशी भंगार बाजार फिरतो. वीस इंची, काळी-पांढरी, मान जाड, लेप न जळलेली ट्यूब. दोन मिळाल्या, दोन्ही फुसक्या निघाल्या. तिसरी मिळेल. मिळाली की मांडीवर धरून बसनं कुंभकोणमला नेणार, लॉरीवर टाकणार नाही. डबे बाहेर काढून ती त्या कपाटात बसवणार, डावा हात कमरेला खोचून. टीव्हीचं चित्र खरं तर कडेबाहेर सांडायचंच असतं, सगळे टीव्ही तसेच असतात. पण हा रायरांचा टीव्ही आहे. त्याचंही चित्र मी बोटभर आत ठेवीन, आणि रायरांचं बोट धरून काचेच्या कडेला लावीन, म्हणजे त्यांना दिसलं नाही तरी कळेल.